अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियन : २५ अक्षरांचा इंग्रजी शब्द कसा फोडायचा, कसा उच्चारायचा आणि त्याचा अर्थ काय?

इंग्रजीतले लांबलचक शब्द समोर आले की बहुतेकांची वाचनाची गाडी अडते. आपण पहिली चार-पाच अक्षरे वाचतो, मग अंदाजाने काहीतरी पुटपुटतो आणि पुढच्या शब्दाकडे जातो. अशा शब्दांची यादी निघाली की एक नाव हमखास येते : अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियन. हे एक विशेषण आहे आणि त्यात २५ अक्षरे आहेत.

हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा कामाला येणार नाही. मग तो समजून का घ्यायचा? कारण लांब इंग्रजी शब्द कसे तयार होतात, कसे उच्चारले जातात आणि त्यांचा अर्थ कुठे हातातून निसटतो, हे सगळे या एका शब्दात दिसते. मुलाखतीत, वर्गात किंवा फोनवर आपला शब्द समोरच्याला कळला नाही, तर दोष प्रत्येक वेळी स्पेलिंगचा नसतो. बरेचदा आघात चुकीच्या ठिकाणी पडलेला असतो. तो कुठे पडतो, हे या लेखात पाहू.

थोडक्यात माहिती

- शब्दाचा प्रकार : विशेषण. नाम म्हणूनही वापरता येतो.
- अक्षरे : २५
- सिलॅबल : १०
- मुख्य आघात : आठव्या सिलॅबलवर, म्हणजे ‘टेअ’वर
- घटक : अँटी + डिस + एस्टॅब्लिश + मेंट + एरियन
- अर्थ : चर्चचा राजमान्य दर्जा काढून घेण्याला विरोध करणारा

सिलॅबल म्हणजे काय?

शब्द उच्चारताना तोंडातून जितके स्वराचे ठोके पडतात, तितके त्या शब्दाचे सिलॅबल. अक्षरे किती आहेत याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

मराठीतही हे दिसते. ‘घर’ हा शब्द दोन अक्षरी, पण उच्चार एका ठोक्यात होतो. ‘कमळ’ तीन अक्षरी, पण ठोके दोनच : क-मळ. ‘मराठी’मध्ये मात्र तीन अक्षरे आणि तीन ठोके : म-रा-ठी. तरी देवनागरीत लिहिलेले आणि बोललेले यांत फार अंतर पडत नाही, म्हणून आपल्याला ठोके वेगळे मोजायची सवय नसते.

इंग्रजीत हे अंतर मोठे असते. ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ८ अक्षरे आहेत, पण सिलॅबल एकच. उलट ‘एरिया’त अक्षरे फक्त ४ आणि सिलॅबल ३ : ए-रि-आ. म्हणून लांब शब्द दिसला की अक्षरे मोजून घाबरू नये. आधी ठोके मोजावेत.

शब्दाचे १० सिलॅबल

आपल्या शब्दाचे ठोके असे पडतात :

ॲन् – टि – डिस् – इ – स्टॅब् – लिश् – मन् – टेअ – रि – अन

हा ब्रिटिश पद्धतीचा उच्चार आहे. अमेरिकेत ‘टेअ’च्या जागी ‘टे’ ऐकू येतो आणि सुरुवातीला ‘ॲन्टि’ऐवजी ‘ॲन्टाय’ म्हणणारेही बरेच असतात. सिलॅबलची संख्या दोन्हीकडे दहाच राहते.

यात सातवा ठोका नीट पाहा. तो ‘मेन्’ नसून ‘मन्’ आहे. मराठीत आपण पार्लमेंट, डिपार्टमेंट, अपार्टमेंट असे लिहितो आणि तसेच म्हणतो. इंग्रजीत मात्र या शब्दांच्या शेवटी आघात नसल्यामुळे तिथला स्वर ढिला पडतो आणि आपल्या ‘मन’मधल्या ‘अ’च्या जवळ जातो. इंग्रजी बोलताना हा आखूड, सैल स्वर सतत येतो. मराठी माणसाला तो नवा शिकावा लागत नाही, कारण ‘अ’ आपल्या तोंडात आधीपासूनच आहे. अडचण स्पेलिंगची असते. डोळ्यांना ‘ई’ हे अक्षर दिसते म्हणून जीभ ‘ए’ म्हणते.

आघात कुठे द्यायचा?

मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरे साधारण सारख्या जोराने बोलतो. जोर इकडचा तिकडे केल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तो बदलू शकतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर पहिल्या सिलॅबलवर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘प्रेझेंट’चेही तसेच. ऐकणारा शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी या जोरावरून.

लांब शब्दात एक मुख्य आघात असतो आणि मागे-पुढे काही दुय्यम आघात असतात. आपल्या शब्दात ‘ॲन्’, ‘डिस्’ आणि ‘स्टॅब्’ यांवर हलका जोर आहे, तर मुख्य जोर ‘टेअ’वर आहे. बाकीचे ठोके पटकन उरकायचे. दहाही ठोके सारख्या जोराने म्हटले तर ऐकणाऱ्याला शब्दाऐवजी दहा सुटे तुकडे ऐकू येतात.

पण मुख्य आघात ‘टेअ’वरच का? याचे उत्तर शब्दाच्या शेपटीत आहे. नुसत्या ‘एस्टॅब्लिश’मध्ये जोर ‘स्टॅब्’वर असतो. त्याला ‘मेंट’ जोडून ‘एस्टॅब्लिशमेंट’ केले तरी तो तिथेच राहतो. ‘एरियन’ हा प्रत्यय लागला की मात्र तो मुख्य आघात स्वतःकडे ओढून घेतो. हाच प्रकार ओळखीच्या शब्दांत दिसतो :

- व्हेजिटेबलमध्ये जोर ‘व्हेज’वर, व्हेजिटेरियनमध्ये ‘टेअ’वर.
- लायब्ररीत जोर ‘लाय’वर, लायब्रेरियनमध्ये ‘ब्रेअ’वर.
- पार्लमेंटमध्ये जोर ‘पार’वर, पार्लमेंटेरियनमध्ये ‘टेअ’वर.

‘व्हेजिटेरियन’ हा शब्द तर आपल्याकडे प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर असतो. तो इंग्रजी वळणाने म्हणता आला की आपल्या २५ अक्षरी शब्दाची शेपटीही आली.

उलट्या बाजूने शिका

लांब शब्द पाठ करताना आपण सुरुवातीपासून निघतो आणि शेवटाला पोहोचेपर्यंत दम संपतो. भाषा शिकवणारे शिक्षक एक सोपी युक्ती वापरतात. शेवटून सुरुवात करायची आणि दर वेळी पुढे एक तुकडा जोडायचा :

१. टेअरिअन
२. मन्टेअरिअन
३. लिश्मन्टेअरिअन
४. इस्टॅब्लिश्मन्टेअरिअन
५. डिसिस्टॅब्लिश्मन्टेअरिअन
६. ॲन्टिडिसिस्टॅब्लिश्मन्टेअरिअन

प्रत्येक पायरी तीन-चार वेळा मोठ्याने म्हणा. यात नवा तुकडा नेहमी आधी येतो आणि सरावाचा भाग नंतर, त्यामुळे शब्द पुढे-पुढे सोपा होत जातो. मुख्य आघात शेवटाकडे असल्याने त्याचा सराव प्रत्येक पायरीवर आपोआप होतो.

शब्द कसा घडला?

आता उच्चार बाजूला ठेवून अर्थाचे तुकडे पाहू. हा शब्द एका दमात तयार झालेला नाही. आधीच्या शब्दावर एकेक मजला चढत गेला आहे.

एस्टॅब्लिश : स्थापन करणे, स्थिर करणे. लॅटिनमध्ये ‘स्टॅबिलिस’ म्हणजे स्थिर. तिथून हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्याने ‘स्टॅबिलिस’मधला मूळ धातू आणि आपल्या ‘स्थिर’, ‘स्थान’, ‘स्थापना’ या शब्दांतला ‘स्था’ एकच आहेत. म्हणजे या परक्या वाटणाऱ्या शब्दाच्या पोटात आपला लांबचा नातेवाईक बसला आहे.

एस्टॅब्लिशमेंट : ‘मेंट’ हा प्रत्यय क्रियापदाचे नाम करतो. स्थापन करण्याची क्रिया किंवा स्थापन झालेली व्यवस्था.

डिसएस्टॅब्लिशमेंट : ‘डिस’ हा उपसर्ग क्रिया उलटवतो. ‘डिसएस्टॅब्लिश’ म्हणजे आधी दिलेले स्थान काढून घेणे. त्याला ‘मेंट’ लागून नाम झाले.

डिसएस्टॅब्लिशमेंटेरियन : ‘एरियन’ या प्रत्ययाने एखाद्या मताचा किंवा त्या मताशी संबंधित, असा अर्थ येतो. हे स्थान काढून घ्यावे असे मानणारा तो डिसएस्टॅब्लिशमेंटेरियन.

अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियन : ‘अँटी’ म्हणजे विरोधी. हा उपसर्ग मूळ ग्रीक. स्थान काढून घेण्याच्या विरोधात असणारा.

स्पेलिंग लक्षात ठेवायलाही हीच मोडणी उपयोगी पडते. पाच तुकड्यांची अक्षरे अनुक्रमे ४, ३, ९, ४ आणि ५. बेरीज २५. पूर्ण शब्दात एकही जोडअक्षर, म्हणजे लागोपाठ दोनदा आलेले अक्षर नाही. त्या दृष्टीने ‘कमिटी’ किंवा ‘अकोमोडेशन’ यांच्या स्पेलिंगमध्ये चुकण्याची शक्यता जास्त.

दोन मोडण्या, दोन कामे

आपण एकाच शब्दाची दोनदा मोडणी केली. ठोक्यांनी फोडला तर १० तुकडे झाले, अर्थाने फोडला तर ५. या दोन मोडण्यांच्या रेषा सगळीकडे जुळत नाहीत.

अर्थाने फोडताना ‘मेंट’ हा सलग तुकडा आहे. उच्चारात मात्र त्याच्या शेवटचा ‘ट’ पुढे सरकतो आणि ‘मन्-टेअ’ असे होते. ‘एस्टॅब्लिश’ हा अर्थाचा एकच तुकडा, पण ठोके तीन.

मराठी वाचकाला हे नवे नाही. ‘सदाचार’ हा शब्द घ्या. अर्थाने तो सत् + आचार असा फुटतो. उच्चारताना आपण स-दा-चार म्हणतो. ‘सत्’मधला ‘त्’ ‘द’ होऊन पुढच्या ठोक्यात मिसळला. शाळेत संधी सोडवताना आपण अर्थाची मोडणी करत होतो, कविता तालात म्हणताना ठोक्यांची. इंग्रजी लांब शब्दालाही या दोन्ही मोडण्या लागतात. बोलण्यासाठी ठोक्यांची आणि समजण्यासाठी अर्थाची. शाळेत मात्र बरेचदा तिसरीच मोडणी शिकवली जाते : स्पेलिंग एकेका अक्षराने घोकण्याची. त्यातून लिहिणे जमते, पण शब्द बोलता येत नाही आणि कळतही नाही.

तुकडे जोडून अर्थ लागतो का?

इथे एक धोका आहे. आपल्या शब्दाचे तुकड्यांनी मराठी भाषांतर करून पाहू. एस्टॅब्लिशमेंट म्हणजे स्थापन, डिस म्हणजे ‘वि’, अँटी म्हणजे विरोधी. जोडले की तयार होते ‘विस्थापनविरोधी’!

मराठीत हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर धरणात गाव जाणारे लोक, पुनर्वसनाचे प्रश्न आणि मोर्चे येतात. इंग्रजी शब्दाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. प्रत्येक तुकडा बरोबर, तरी अर्थ चुकला. कारण ‘एस्टॅब्लिश’ला इंग्लंडच्या इतिहासात एक खास अर्थ मिळालेला आहे.

१५३४ मध्ये राजा आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजा असेल असा कायदा झाला. पुढे ‘एस्टॅब्लिश्ड चर्च’ म्हणजे कायद्याने स्थापित, राजमान्य चर्च, असा शब्दप्रयोग रूढ झाला. या चर्चला बरेच अधिकार होते आणि त्यांची झळ इतर पंथांच्या लोकांना बसे. दुसऱ्या पंथाचे असूनही गावच्या चर्चच्या देखभालीसाठी पट्टी भरावी लागे. ही सक्ती १८६८ मध्ये उठली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतल्या बहुतेक पदव्यांसाठी व पदांसाठी असलेली धर्ममताची अट १८७१ मध्ये गेली. गावच्या चर्चच्या दफनभूमीत आपल्या माणसाचा अंत्यविधी आपल्या पंथाच्या रीतीने करण्याची मुभा मिळायला १८८० उजाडले.

सर्वांत टोकाची स्थिती आयर्लंडमध्ये होती. तिथली बहुसंख्य जनता कॅथलिक, पण राजमान्य चर्च अँग्लिकन. कॅथलिक शेतकऱ्यांनाही त्या परक्या चर्चसाठी दशांश कर द्यावा लागे. १८३०च्या दशकात त्यावरून मोठा संघर्ष झाला. अखेर पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने १८६९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १८७१ पासून आयर्लंडमधल्या चर्चचा राजमान्य दर्जा संपला. ही झाली डिसएस्टॅब्लिशमेंट. वेल्ससाठी असाच कायदा १९१४ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबली आणि तो १९२० मध्ये लागू झाला.

भारतातल्या अँग्लिकन चर्चचीही इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने फारकत झाली. त्यासाठी १९२७ मध्ये कायदा झाला आणि १९३० पासून ते स्वतंत्र झाले. मुंबईच्या फोर्ट भागातले सेंट थॉमस कॅथेड्रल याच चर्चचे होते.

इंग्लंडमध्ये मात्र हा दर्जा अजून कायम आहे. राजा आजही चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रमुख असतो आणि त्या चर्चचे २६ बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात.

आता शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. चर्चला मिळालेले राजमान्य स्थान काढून घेऊ नये, असे म्हणणारा किंवा त्या मताचा, तो अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियन. मराठीत ‘चर्च व शासन यांच्या फारकतीला विरोध करणारा’ असे सांगता येईल. दोन नकार एकमेकांना छेदतात आणि उरतो तो आहे ते टिकवू पाहणारा माणूस.

इतर लांब विशेषणांवर हीच रीत

तीन पायऱ्या लक्षात ठेवा : आधी अर्थाचे तुकडे पाडा, मग ठोके मोजा, शेवटी प्रत्यय पाहून आघात ठरवा.

*अनकॉन्स्टिट्यूशनल* : अक्षरे १६. अर्थाने अन + कॉन्स्टिट्यूशन + अल, म्हणजे घटनाबाह्य. ठोके ६ : अन्-कॉन्-स्टि-ट्यू-श-नल. जोर ‘ट्यू’वर. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मुळाशीही तोच ‘स्था’चा लॅटिन भाऊबंद आहे.

*इंटरडिपार्टमेंटल* : अक्षरे १७. इंटर + डिपार्टमेंट + अल, म्हणजे आंतरविभागीय. ठोके ६ : इन्-टर्-डी-पार्ट्-मेन्-टल. ‘डिपार्टमेंट’मध्ये जोर ‘पार्ट’वर असतो, पण ‘अल’ लागल्यावर तो ‘मेन्’वर जातो. जोर मिळाला म्हणून इथे ‘मेन्’ स्पष्ट ऐकू येतो आणि ‘मेंट’चा ‘ट’ पुन्हा पुढे सरकतो.

आघाताचे साधे सूत्र असे : नेस, फुल, लेस, ली, मेंट हे शेवट आघात हलवत नाहीत. ‘इक’, ‘इटी’, ‘शन’ हे शेवट बहुतेक वेळा आपल्या लगेच आधीच्या सिलॅबलवर आघात आणतात. इकॉनॉमीत जोर ‘कॉ’वर, इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’वर. पॉसिबलमध्ये ‘पॉ’वर, पॉसिबिलिटीत ‘बि’वर. अपवाद आहेत, पण अनोळखी शब्दासमोर अंदाज बांधायला एवढे पुरते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हा इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द आहे का?*
नाही. याला ‘इझम’ जोडून होणारे नाम २८ अक्षरांचे आहे आणि तेच जास्त प्रसिद्ध आहे. मोठ्या शब्दकोशांत ४५ अक्षरांचे एका फुप्फुसविकाराचे नावही सापडते, मात्र ते लांबीसाठीच बनवलेले आहे.

*मग याची एवढी कीर्ती कशामुळे?*
लांब शब्दाचे उदाहरण म्हणून. अमेरिकेत १९५५ मध्ये टीव्हीवरच्या एका गाजलेल्या प्रश्नमंजूषेत १२ वर्षांच्या मुलीने ‘इझम’वाल्या रूपाचे स्पेलिंग बिनचूक सांगितले. त्यानंतर तो घराघरांत पोहोचला.

*शब्दकोशात तो आहे का?*
ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘इझम’वाले रूप आहे. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टरने ते घेतलेले नाही, कारण खऱ्या अर्थाने तो शब्द वापरल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. बहुतेक लोक तो त्याची लांबी दाखवण्यासाठीच वापरतात.

*मराठीत असे लांब विशेषण आहे का?*
‘किंकर्तव्यविमूढ’ आठवून पाहा. किं + कर्तव्य + विमूढ : काय करावे हे न कळून गोंधळलेला. प्रथम वाचताना तो अडखळवतो. तीन तुकडे दिसले की लगेच कळतो आणि एकदा कळला की विसरत नाही. इंग्रजीतल्या लांब शब्दांचेही तसेच आहे.